‘पास’चं बटण दाबण्याआधी : हाताने टेस्ट केस चालवताना

[दृश्य : स्क्रीनवर टेस्ट रन उघडलेला. डावीकडे फोल्डर, मध्ये केसची यादी, प्रत्येकीसमोर राखाडी चौकोन.]

यादीतले सगळे चौकोन आत्ता राखाडी आहेत. म्हणजे ‘अनटेस्टेड’. दिवस संपेपर्यंत बरेचसे हिरवे होतील, काही लाल होतील. मग कुणीतरी त्या रंगांकडे बघून ठरवेल, की हे बिल्ड, म्हणजे सॉफ्टवेअरची ही तयार आवृत्ती, ग्राहकाकडे जाऊ द्यायचं की थांबवायचं. त्या माणसाने ॲप्लिकेशन उघडून पाहिलेलंही नसेल. त्याच्यापुढे असतात फक्त रंग. म्हणून टेस्टर दाबतो ते बटण ही साक्ष असते : या बिल्डवर हे केलं आणि मला हे दिसलं.

आधी एक गोंधळ निस्तरू. टेस्ट केस आणि रनमधली टेस्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केस म्हणजे काय करायचं आणि काय दिसायला हवं याची लेखी नोंद. ती एकदा लिहिली की रिपॉझिटरीत, म्हणजे केसच्या साठ्यात, राहते. दर रनमध्ये, म्हणजे केस चालवण्याच्या प्रत्येक फेरीत, तीच पुन्हा घेतली जाते आणि प्रत्येक वेळी तिचा निकाल नवा असतो. टेस्टरेल या केस आणि निकाल ठेवायच्या टूलमध्ये हा फरक क्रमांकातच दिसतो. केसच्या क्रमांकाआधी ‘सी’ असतो, रनमधल्या टेस्टच्या क्रमांकाआधी ‘टी’. बगची नोंद टाकताना नुसता ‘सी’चा क्रमांक दिला, तर डेव्हलपर केसच्या मजकुरापर्यंत पोचतो, पण कुठल्या बिल्डवर काय दिसलं ते त्याला सापडत नाही. टेस्टलिंक या तशाच दुसऱ्या टूलमध्ये तर टेस्ट प्लॅनखाली बिल्ड तयार केल्याशिवाय एक्झिक्यूशन, म्हणजे केस चालवणं, सुरूच होत नाही. नवख्यांना तो जाच वाटतो. पण बिल्ड माहीत नसलेल्या निकालाचं करायचं काय?

[दृश्य : ॲप्लिकेशनच्या तळाशी बारीक अक्षरांतला बिल्ड क्रमांक. कॅमेरा जवळ जातो.]

पहिलं काम हेच. बिल्ड क्रमांक चालू ॲप्लिकेशनमधून वाचायचा, ‘डिप्लॉय झालं’ या निरोपावरून नाही. एकाच पत्त्यामागे चार सर्व्हर असतील आणि तिघांवरच नवं बिल्ड चढलं असेल, तर तीच केस एकदा पास होते, एकदा फेल. शिवाय ब्राउझरच्या कॅशमध्ये जुनी जावास्क्रिप्ट फाइल बसलेली असते. दुरुस्त झालेला बग त्यामुळे पुन्हा दिसतो. इन्कॉग्निटो विंडो उघडली की बहुतेक वेळा हा प्रश्न मिटतो. मात्र दोन युझर एकाच वेळी लॉगिन करून पाहायचे असतील, तर क्रोमच्या दोन इन्कॉग्निटो विंडो कामाच्या नाहीत. त्या दोघींचं सेशन एकच असतं. दुसरा युझर आत आला की पहिल्याचं लॉगिन गेलं. त्यासाठी वेगळं प्रोफाइल घ्या किंवा सरळ दुसरा ब्राउझर.

आता एकच केस घेऊ आणि तिच्याकडे नीट पाहू.

[दृश्य : केस उघडते. शीर्षक : ‘कमाल मर्यादेइतकी फाइल अपलोड होते’. खाली स्टेप्स आणि एक्स्पेक्टेड रिझल्ट.]

प्रीकंडिशन (आधीची अट) : युझर लॉगिन आहे. स्टेप १ : अपलोडचं पान उघडा. स्टेप २ : ५ एमबीची जेपेग फाइल निवडा. स्टेप ३ : ‘सबमिट’ दाबा. एक्स्पेक्टेड रिझल्ट : फाइल अपलोड होते, यादीत दिसते. पाच ओळींची केस, दोन मिनिटांचं काम. दिसायला तरी.

५ एमबी म्हणजे किती बाइट? १०२४ च्या हिशेबाने ५२,४२,८८०. हजाराच्या हिशेबाने ५०,००,०००. विंडोज पहिला हिशेब धरतो, मॅक दुसरा. ५२,४२,८८० बाइटची फाइल विंडोजवर ‘५.०० एमबी’ दिसते आणि मॅकवर ‘५.२ एमबी’. दोन टेस्टर दोन मशिनवर ‘५ एमबी’ची फाइल घेऊन बसले, तर ते दोन वेगळ्या टेस्ट चालवत असतात आणि टूलमध्ये दोन्ही निकाल एकाच केसखाली पडतात. तेव्हा आधी रिक्वायरमेंट लिहिणाऱ्याला विचारायचं, उत्तर केसमध्ये बाइटमध्ये लिहायचं आणि मगच पुढे जायचं. फाइलचा आकारही एक्सप्लोररच्या यादीतून घेऊ नका, तो केबीमध्ये पूर्णांक करून दाखवलेला असतो. प्रॉपर्टीज उघडा. तिथे नेमके बाइट दिसतात.

अशी नेमक्या आकाराची फाइल आणायची कुठून? विंडोजवर ‘एफएसयूटिल’ या कमांडला नाव आणि बाइटची संख्या दिली की तेवढी फाइल तयार होते. पण ती आतून निव्वळ शून्यांनी भरलेली असते. तिला जेपेगचं एक्स्टेन्शन लावून अपलोड केलं आणि सर्व्हर आतला मजकूर तपासत असेल, तर तो ‘फाइलचा प्रकार चुकीचा’ म्हणून परत पाठवतो. आकाराची टेस्ट प्रकारावर आपटते आणि नोंद होते ‘फेल’. खरं जेपेग घ्यावं आणि त्याच्या शेवटी हवे तेवढे बाइट जोडावेत. बहुतेक ठिकाणी चित्र तसंच उघडतं. अशा तीन फाइली तयार ठेवा : मर्यादेपेक्षा एक बाइट कमी, नेमकी मर्यादा आणि एक बाइट जास्त. नावातच बाइटची संख्या घाला, म्हणजे स्क्रीनशॉट स्वतःच बोलतो.

[दृश्य : फाइल निवडली जाते. ‘सबमिट’. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क टॅबमध्ये एक लाल ओळ : ४१३.]

आणि इथे गंमत होते. ५२,४२,८७९ बाइटची फाइल नाकारली गेली. ५२,४२,८८० चीसुद्धा. दोन्ही नियमात बसणाऱ्या. पडद्यावर फक्त ‘काहीतरी चुकलं’ एवढाच संदेश, पण नेटवर्क टॅबमध्ये ४१३ हा कोड आहे : पाठवलेला मजकूर फार मोठा. फाइल ब्राउझरमधून एकटी जात नाही. तिच्यासोबत फॉर्मची इतर फील्ड, फाइलचं नाव आणि विभाजक ओळी असतात, मिळून काहीशे बाइट. पुढच्या वेब सर्व्हरवर पूर्ण रिक्वेस्टची मर्यादा नेमकी ५ एमबी ठेवली असेल, तर पूर्ण ५ एमबीची फाइल कधीच आत येऊ शकत नाही. हा खरा बग आहे आणि तो फक्त सीमेवरच सापडतो. ३ एमबीचा फोटो टाकून ‘पास’ केलं असतं, तर कळलाही नसता.

तोच ४१३ दुसऱ्या कारणानेही येतो. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये ही मर्यादा मुळात १ एमबी असते. टेस्ट एन्व्हायर्नमेंटवर, म्हणजे टेस्टिंगसाठीच्या सर्व्हरच्या मांडणीत, ती कुणी वाढवलीच नसेल, तर २ एमबीची फाइलही परत येईल. लाल ओळ तीच, अर्थ मात्र वेगळा. म्हणून निकाल नोंदवण्याआधी आणखी एक फाइल चढवून पाहायची : ४ एमबीची. ती गेली, तर दोष सीमेवर आहे. तीही अडली, तर एन्व्हायर्नमेंटच्या सेटिंगकडे बोट जातं.

यावरूनच स्टेटस ठरतं. टेस्टरेलमध्ये सुरुवातीला पाच स्टेटस मिळतात : पास्ड, ब्लॉक्ड, अनटेस्टेड, रीटेस्ट, फेल्ड. सगळ्यात जास्त गैरवापर ‘ब्लॉक्ड’चा होतो. स्टेप पूर्ण केली आणि अपेक्षित ते दिसलं नाही, तर ते ‘फेल’. स्टेपपर्यंत पोचताच आलं नाही, लॉगिनच बंद आहे, डेटा नाही, एन्व्हायर्नमेंट अर्धवट आहे, तर ‘ब्लॉक्ड’. ब्लॉक्ड नोंदवताना कशाने अडलं त्याचा बग क्रमांक द्यायचा, नाहीतर ती केस रनच्या शेवटापर्यंत तशीच पडून राहते. आणि लॉगिनच्या एका बगामुळे तीस केस अडल्या असतील, तर बग एकच टाका, तीस नव्हे.

फेलची नोंद करताना ‘चालत नाही’ हे दोन शब्द टूलमधून हद्दपार करावेत अशी फार इच्छा होते. ॲक्च्युअल रिझल्टमध्ये दिसलं ते लिहायचं : ‘स्टेप ३. ५२,४२,८८० बाइटची जेपेग. सबमिटनंतर “काहीतरी चुकलं” असा संदेश. रिस्पॉन्स ४१३. ५२,४२,८७९ बाइटची फाइलही नाकारली. ४ एमबीची फाइल अपलोड होते.’ एवढं वाचून डेव्हलपर थेट सर्व्हरच्या सेटिंगवर पोचतो. सोबत स्क्रीनशॉट, पूर्ण विंडोचा. पत्त्याची ओळ आणि वेळ त्यात यायला हवी. नेटवर्क टॅबमधून हार फाइल (ब्राउझर आणि सर्व्हरमधल्या देवाणघेवाणीची नोंद) काढून जोडत असाल, तर सावध राहा. त्यात कुकी आणि टोकन असू शकतात; टेस्ट अकाउंटचेच असतील याची खात्री करूनच जोडा.

[दृश्य : यादीत एकाच वेळी बारा केस निवडल्या जातात. माउस ‘पास’वर थबकतो.]

बहुतेक टूलमध्ये अनेक केस निवडून एकदम निकाल देता येतो. एन्व्हायर्नमेंट कोसळलं आणि बारा केस ब्लॉक्ड करायच्या असतील, तेव्हा ही सोय वरदान आहे. ‘पास’साठी ती वापरली, तर टूल तेही निमूट नोंदवून घेतं, वेळेसकट. बारा केस, एकच मिनिट. इतिहासाच्या टॅबमध्ये ते कुणालाही वाचता येतं.

बग दुरुस्त होऊन आला की जुना लाल निकाल पुसायचा नाही. त्याच टेस्टवर नवा निकाल टाकायचा, नव्या बिल्ड क्रमांकासह. रंग ताज्या निकालाचा दिसतो, जुना खाली इतिहासात राहतो. आणि डेटा पुन्हा तयार करायचा. ‘नवा युझर नोंदणी करतो’ ही केस त्याच ईमेलने दुसऱ्यांदा चालवली, तर ती फेल होणारच, कारण तो युझर आता नवा राहिलेला नाही. फाइलच्या केसमध्येही तसंच : त्याच नावाची फाइल यादीत आधीपासून असेल, तर आत्ता दिसतेय ती आजची की कालची? आधी जुनी काढा, मग चढवा.

[दृश्य : रनचा गोल तक्ता. हिरवा भाग मोठा, एक लाल फाक, कडेला राखाडी पट्टी. कर्सर ‘क्लोज रन’वर.]

राखाडी पट्टी अजून शिल्लक आहे. रन उघडा असेपर्यंत केसमध्ये केलेला बदल त्यातही दिसतो. टेस्टरेलमध्ये रन बंद केला की केसचा मजकूर त्या दिवशी होता तसा गोठतो आणि तो रन पुन्हा उघडता येत नाही. म्हणून न चाललेल्या प्रत्येक केसचं कारण आधी रनच्या वर्णनात लिहायचं : वेळ पुरला नाही, डिव्हाइस मिळालं नाही, फीचर या बिल्डमध्ये आलंच नाही. अपलोडच्या केसमध्ये ‘५ एमबी’च्या जागी ५२,४२,८८० बाइट लिहिले आहेत ना, तेही एकदा पाहून घ्यायचं. मग ‘क्लोज रन’.