पूर ओसरला, आता विहिरीवर कोण जाणार?

नमस्कार मंडळी! ऑगस्ट 2019 चा महापूर आठवतोय ना? सांगली, कोल्हापूर, शिरोळची गावं पाण्यात. राज्यभरातून बिस्किटं, चादरी, पाण्याच्या बाटल्या भरून टेम्पो आले. पाणी उतरलं तसे टेम्पो परत गेले. आणि आरोग्याचं काम नेमकं तिथून सुरू होतं. पुराचं पाणी जाताना विहिरीत गटार सोडून जातं, मेलेल्या जनावरांची घाण सोडून जातं. मग जुलाब, कावीळ. चिखलात अनवाणी राबणाऱ्यांना लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप.

"मी डॉक्टर नाही हो, मी काय करणार?" हा प्रश्न मला सारखा येतो. माझं उत्तर एकच. विहिरीवर चला.

(टेबलावर दोन बादल्या, टीसीएलची पिशवी, पाण्यातला क्लोरीन तपासायची ओटी टेस्टची बाटली)

टीसीएल म्हणजे आपली ब्लिचिंग पावडर. बऱ्याच ठिकाणी घमेलंभर पावडर थेट विहिरीत ओततात आणि हात झटकून मोकळे. तसं नाही चालत. आधी पाणी मोजा. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, त्याला पाण्याच्या खोलीनं गुणा आणि मग 785 नं. 3 मीटर व्यास, 4 मीटर पाणी, म्हणजे 28,260 लिटर. तेवढ्याला पावडर किती, ते जलसुरक्षकाला (गावचं पाणी तपासणारा ग्रामपंचायतीचा माणूस) किंवा आरोग्यसेवकाला विचारा. कारण पिशवी जुनी किंवा सादळलेली असली की क्लोरीन कधीच उडालेला असतो, नुसता चुना उरतो.

आता नाकाला रुमाल बांधा, हातमोजे घाला. पावडर थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, मग बादली भरा. दहाएक मिनिटं हात लावू नका, चुना खाली बसू दे. वरची निवळी दुसऱ्या बादलीत. खालचा गाळ विहिरीत नाही टाकायचा, पाणी जड होतं. निवळीची बादली दोरानं पाण्याच्या आत सोडायची आणि जोरात वर-खाली हिसके द्यायचे. अंगातली रग इथे कामी येते!

तासभर थांबा. मग नळीत पाणी, त्यात ओटीचे थेंब. पिवळं झालं तर क्लोरीन आहे. पांढरंच राहिलं तर पुन्हा पहिल्यापासून. आणि वहीत तारीख, वेळ, निकाल लिहा. ही वही नसेल तर दुसऱ्या दिवशी दुसरा गट येऊन त्याच विहिरीत पुन्हा पावडर टाकतो.

दुसरं काम त्याहून साधं. पुरात आधी मदत लागेल अशांची यादी. गल्लीत डायलिसिसवर कोण, इन्शुलिन कुणाला, अंथरुणाला खिळलेलं कोण. गरोदर बायकांची नोंद आशाताईंकडे असते. पण शहरातल्या सोसायटीत शेजारच्या फ्लॅटमध्ये ऑक्सिजनवर कुणी आहे, हे आपल्याला माहीत असतं का?

एक गोष्ट मात्र करू नका. लेप्टोसाठी डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या स्वतःच्या मनानं वाटत सुटू नका. गरोदर बायकांना, लहान मुलांना ती सरसकट देत नाहीत. कुणाला किती, ते वैद्यकीय अधिकारी ठरवतील. तुम्ही गमबूट वाटा, चालेल.

नाव कुठे नोंदवायचं? जिल्हाधिकारी कार्यालयातला जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्ष. आपत्तीत मदत करणाऱ्या स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणाची तुकडी कधी निघते ते तिथे कळेल. 'आपदा मित्र' योजनेत वयाची अट 18 ते 40 होती, प्रशिक्षण 12 दिवसांचं होतं. चाळिशी ओलांडली असेल तर जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा रेडक्रॉसची जिल्हा शाखा गाठा. कॉलेजात असाल तर एनएसएसच्या सरांना पकडा. आणि हे एप्रिल-मे मध्येच. जुलैत पाणी वाढत असताना गेलात, तर तिथल्या माणसाला तुम्हाला शिकवायला सवड नसते, आणि त्यात त्याची काही चूकही नाही.

तुमच्या विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली कमेंटमध्ये टाका. लिटरचा हिशोब मी करून देतो.