रात्री अडीच वाजता फोन कोणाला?

(दृश्य: इंदूर, लोकमान्य नगर. स्वयंपाकघर, फ्रिजवर चिकटवलेला कागद.)

कागदावर निळ्या शाईत सहा नावं आहेत. पहिलं समोरच्या सरदारजींचं. दुसरं कोपऱ्यावरच्या औषधवाल्याचं. तिसरं आणि चौथं भजनी मंडळातल्या मैत्रिणींचं. पुण्यातल्या मुलाचं नाव पाचवं.

काकू 78 वर्षांच्या, एकट्या राहतात. "राग नाही हो त्याच्यावर," त्या म्हणतात. "पण रात्री काही झालं, तर तो पुण्याहून निघून इथे येईल तोवर सकाळ होऊन जाईल ना."

जगातल्या देशांच्या सुखाचा अहवाल 2012 पासून निघतो. त्यात लोक आपल्या आयुष्याला 0 ते 10 मध्ये गुण देतात आणि त्यावरून क्रम लागतो. 2025 मध्ये 147 देशांत भारत 118 वा होता. गुण कुठे का कमी पडले, हे शोधताना दरडोई उत्पन्न आणि निरोगी आयुर्मान यांच्या जोडीला आणखी एक साधा प्रश्न धरतात: अडचण आली तर हक्काने हाक मारावी असं तुम्हाला कोणी आहे का? काकूंच्या फ्रिजवर त्याचंच उत्तर चिकटवलेलं आहे.

मध्य प्रदेशाने 2016 मध्ये आनंद विभाग काढला, असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. 'आनंदम' नावाच्या जागा झाल्या: जास्तीचं ठेवा, गरजेचं घेऊन जा. कल्पना चांगलीच आहे. पण सरकार खोली देईल, फळ्या ठोकून देईल. आलेला स्वेटर धुऊन, बटण लावून, घडी घालून ठेवणारे हात मोहल्ल्यातूनच यावे लागतात.

अहिल्याबाईंच्या या मुलखाला ते नवं नाही. काशीपासून सोमनाथपर्यंत त्यांनी जे बांधलं, त्याचा खर्च खासगीतून केला, दौलतीच्या खजिन्यातून नव्हे.

(दृश्य: रुग्णालय, रात्र. अतिदक्षता विभागाबाहेरचा बाक.)

आता या शहरातली मला सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट.

एखादा माणूस मेंदूमृत आहे हे ठरवायला चार डॉक्टरांचं मंडळ दोनदा तपासणी करतं. दोन तपासण्यांमध्ये किमान 6 तासांचं अंतर ठेवावंच लागतं. त्या 6 तासांत घरची माणसं या बाकावर असतात. आत व्हेंटिलेटरवर छाती वरखाली होताना दिसते, हात लावला तर अंग गरम लागतं. आणि बाहेर कोणीतरी सांगत असतं की आता आशा नाही. डॉक्टरांना पुढचा पेशंट बघायचा असतो. मग शेजारी येऊन बसतो तो एखाद्या संस्थेचा कार्यकर्ता. पाणी आणतो. गावाकडच्या भावाला फोन लावून देतो. अवयवदानाचं विचारतो, पण घाई करत नाही. नकार आला तरी त्याने उठून जायचं नसतं.

दान केलेले अवयव वेळेत पोहोचवायला इंदुरात 2015 पासून ग्रीन कॉरिडॉर होतात. रस्ता मोकळा करणारे पोलीस, धावणारी रुग्णवाहिका आपण बातम्यांत बघतो. विमानतळ किती मिनिटांत गाठलं, तेही छापून येतं. बाकावरचे 6 तास कुठेच छापून येत नाहीत.

मोठ्या कंपन्यांना कायद्याने सरासरी नफ्यातले 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्यातून इमारत होते, गाडी येते, तिच्यावर नाव रंगवता येतं. बाकावर बसणाऱ्याचं पेट्रोल, त्याचं प्रशिक्षण, वर्षभर फोन उचलणाऱ्या एका माणसाचा पगार... हे जमवताना मात्र संस्थांच्या नाकी नऊ येतात. देशाचं सुख वाढवायचं असेल, तर देणगीचा पैसा आधी इथे यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य: पुन्हा लोकमान्य नगर. जिना.)

काकूंच्या कागदावरचं सहावं नाव नवं आहे. वरच्या खोलीत खंडव्याची एक मुलगी भाड्याने राहते, भंवरकुआंला क्लासला जाते. मार्चमध्ये तिला ताप चढला, तेव्हा रात्रभर कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या काकूंनी ठेवल्या.

क्लासच्या फॉर्मवर 'स्थानिक संपर्क' असा रकाना होता. तिथे तिने काकूंचा नंबर लिहिला. पुढे 'नातं' विचारलं होतं, तिथे 'आजी'.

तो फॉर्म तिने आमच्यासमोर काढला. काकूंनी चष्मा पदराला पुसला आणि तेवढी ओळ दोनदा वाचली.