रातचं ओलीत आणि देहातलं घड्याळ

नमस्कार शेतकरी बंधू-भगिनींनो. गहू-हरभऱ्याचं ओलीत सुरू आहे. थ्री फेज लाइन रात्री येते, म्हणून मोटर रात्री आणि माणूसही रात्रभर वावरात. रानडुकरांची जागल वेगळीच. या जागरणानं देहाच्या आत काय बिघडतं, ते आज सांगतो.

दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथं एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर सुमारे २०,००० पेशींचा पुंजका असतो. ते आपलं मुख्य घड्याळ. ते दिवसाला काही मिनिटं मागं पडतं आणि सकाळच्या उजेडानं पुन्हा जुळतं. पण घड्याळ यकृतात, स्नायूंत, कातडीतही आहे. यकृताचं घड्याळ मुख्यतः जेवणाच्या वेळेवर चालतं. रात्री दोनला बांधावर भाकर खाल्ली की मेंदूत रात्र आणि यकृतात दिवस. त्या वेळी इन्सुलिनचं काम मंदावलेलं असतं, म्हणून साखर रक्तात जास्त वेळ रेंगाळते.

पेशींची डागडुजीही याच घड्याळावर चालते. उन्हानं बिघडलेला डीएनएचा तुकडा कापून काढायला एक्सपीए नावाचं प्रथिन लागतं. उंदरांमध्ये त्याचं प्रमाण ठरावीक वेळी चढतं, ठरावीक वेळी उतरतं. घड्याळाचा बीमॅल-वन हा जनुक जन्मापासूनच नसलेले उंदीर सरासरी ३७ आठवडेच जगले. एरवी उंदीर दोन वर्षं सहज काढतो. त्यांचे स्नायू वाळले, डोळ्यांत मोतीबिंदू आला. मात्र मोठेपणी तोच जनुक काढला तेव्हा आयुष्य घटलं नाही, म्हणून एका जागरणानं कोणी म्हातारं होत नाही. वर्षानुवर्षं वेळ मोडत राहणं, हे खरं दुखणं.

वय वाढलं की घड्याळाचा जोर ओसरतो. डोळ्याचं भिंग पिवळं पडतं, घड्याळाला लागणारा निळा उजेड आत कमी जातो. आजोबा तिन्हीसांजेला पेंगतात आणि पहाटे तीनला उठून बसतात, त्यामागं हेही कारण असतं. त्यांना आतल्या खोलीत ठेवू नका. सकाळी अर्धा तास अंगणात बसवा. मोतीबिंदू असेल तर ऑपरेशन लांबवू नका.

ओलिताला निघण्याआधी आठच्या आत पोटभर जेवा. मध्यरात्रीनंतर पाणी प्या, फार भूक लागली तर मूठभर फुटाणे खा. चहा रात्री बारापर्यंतच घ्या, कारण त्यातलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात. धुऱ्यावरून चालताना मात्र पांढरी बॅटरीच हवी आणि पायात बूट हवेत, सापाशी तडजोड नाही. बसल्यावर बॅटरी बंद करून मंद पिवळा दिवा लावा, मोबाइल खिशात ठेवा.

सकाळी परतताना दुपट्टा डोळ्यांवर ओढून घ्या. घरी आल्यावर खिडकीला पोतं लावून अंधार करा आणि झोपा. लाइन दिवसाची झाली, की पहिल्या दिवशी दुपारी दीड तासाच्या वर झोपू नका. उठल्याबरोबर अंगणात या, म्हणजे रात्री नऊ-दहाला झोप आपोआप येईल.