कढत पाणी

नमस्कार, श्रोतेहो.

नऊ वर्षांपूर्वीची नरक चतुर्दशी. शनिवार पेठेतल्या माहेरच्या घरी पहाटे आईने तेल चोळलं, उटणं लावलं आणि बंबातलं कढत पाणी अंगावर घातलं. न्हाऊन बाहेर आले तर दारातल्या रांगोळीतला लाल रंग विटल्यासारखा दिसत होता आणि पणत्यांभोवती धुकं होतं. तासाभरात नजर पुन्हा नीट झाली. "रात्री जागून चकल्या तळल्यास ना, म्हणून," आई म्हणाली. मलाही ते पटलं. फाल्गुनात डावा पाय बधिर झाला आणि तो बधिरपणा काही उतरेना, तेव्हा एमआरआय झाला, पाठीतलं पाणी काढून तपासलं आणि निदान हाती आलं: मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस. मी तेव्हा ३२ वर्षांची होते.

या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती मेंदूतल्या, मज्जारज्जूतल्या आणि डोळ्यांकडे जाणाऱ्या नसांवरच्या मायलिन नावाच्या आवरणावर हल्ला करते. आवरण झिजलं की नसेतून जाणारा निरोप रेंगाळतो, कधी पोचतच नाही. बहुतेकांना सुरुवात २० ते ४० या वयात होते, आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हा आजार दुपटी-तिपटीने जास्त दिसतो. अंग तापलं की झिजलेली नस आणखी मंदावते. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी १८९० साली हे टिपून ठेवलं होतं. एकेकाळी तर निदानासाठी रुग्णाला मुद्दाम गरम पाण्यात बसवत. माझी ती चाचणी आईच्या न्हाणीघरात होऊन गेली होती, फक्त आम्हाला कळलं नाही.

उन्हाने किंवा तापाने वाढलेला त्रास अंग निवलं की ओसरतो, त्याने नवी इजा होत नाही. पण ताप नाही, जंतुसंसर्ग नाही, आणि तरी नवीन लक्षण २४ तासांहून जास्त टिकलं, तर डॉक्टरांना लगेच कळवायचं. हा फरक समजला त्या दिवशी माझी निम्मी भीती गेली.

पुण्याचा एप्रिल-मे म्हणजे पारा चाळिशीला टेकतो. मी मंडईत जाते ती सकाळी नऊच्या आत. मानेवर ओला पंचा असतो. पोळ्या पहाटेच होतात, त्याही स्टुलावर बसून. ओट्याशी उभं राहून वीस पोळ्या लाटणं आणि भाजणं हे माझ्या पायांना पर्वती चढण्याएवढं महाग पडतं. बसून पोळ्या करणं सासूबाईंना सुरुवातीला रुचलं नव्हतं. आता स्टूल त्याच आणून ठेवतात.

आता आहाराकडे येते, कारण मला सर्वांत जास्त सल्ले मिळाले ते याबद्दल. कुणी गहू सोडायला सांगितला, कुणी दूध, कुणी वांगी-टोमॅटो. रॉय स्वँक नावाच्या डॉक्टरांचं काम मी समजून घेतलं. नॉर्वेत समुद्रकाठच्या मासेखाऊ लोकांपेक्षा आतल्या भागातल्या लोणी-दूध खाणाऱ्या शेतकऱ्यांत एमएस अधिक, हे त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी १४४ रुग्णांना कमी स्निग्धाचं पथ्य देऊन ३४ वर्षं पाहिलं. पथ्य पाळणाऱ्यांची तब्येत बरी राहिली. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि ज्यांची तब्येत मुळात बरी, त्यांनाच पथ्य पाळणं जमलं असंही असू शकतं.

मी मात्र एका व्याख्यानात "पथ्याने आजार मुळापासून जातो" हे ऐकलं आणि एमएससाठी चालू असलेली इंजेक्शनं थांबवली. सात महिने मी उकडलेल्या भाज्या आणि फळं खात राहिले. वजन उतरलं, हलकं वाटलं, आणि आपण जिंकलो असंच वाटलं. मग एका सकाळी उजवा हात उचलेना. स्टेरॉइडची सलाइनं घ्यावी लागली. हात परत आला, पण सगळा नाही. बारीक सुईत दोरा मला अजून ओवता येत नाही. श्रोतेहो, पथ्य औषधाच्या जोडीला घ्या. त्याच्या जागी घेऊ नका. औषध झेपत नसेल तर न्यूरॉलॉजिस्टशी बोलून बदलता येतं. १९९३ साली एमएसवरचं इंटरफेरॉन नावाचं पहिलं इंजेक्शन आलं, त्यानंतर गोळ्यांपर्यंत कितीतरी पर्याय निघाले आहेत.

आता माझ्या ताटात भाकरी, पालेभाजी, उसळ, ताक आणि जवसाची चटणी असते. पापड-लोणचं चवीपुरतं. एमएस बरा करणारा आहार अजून सिद्ध झालेला नाही. पण वजन, रक्तदाब आणि साखर ताब्यात राहिली तर एमएसवर दुसरा आजार चढत नाही, आणि माझ्या मते एवढं कारण पुरेसं आहे. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर ती आधी सोडवा. धूम्रपानाने हा आजार वेगाने पुढे सरकतो, हे चांगलं माहीत झालेलं आहे.

ड जीवनसत्त्व कमी असणाऱ्यांत एमएसचा धोका अधिक आढळतो. म्हणून ते तपासून घ्या, पण मनाने घेऊ नका. ६०,००० युनिटची पुडी सहसा आठवड्यातून एकदा घ्यायची असते. ती रोज घेतल्याने रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडं बिघडलेले रुग्ण डॉक्टरांनी पाहिलेले आहेत.

एक गोष्ट बायका मोकळेपणाने बोलत नाहीत, म्हणून मी बोलते. लघवीची घाई होते आणि लक्ष्मी रस्त्यावर स्वच्छतागृह कुठे शोधायचं, या धास्तीने मी घराबाहेर पडताना पाणीच पीत नसे. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग झाला, ताप आला, आणि तापाने पाय अक्षरशः गळाले. बद्धकोष्ठ वाढलं ते वेगळंच. आता पाणी व्यवस्थित पिते, वाटेतल्या दोन-तीन जागा ठरवून ठेवल्या आहेत, आणि हा त्रास डॉक्टरांना सांगितल्यावर त्याचीही गोळी मिळाली.

पूर्वी अशा रुग्णांना "दमू नका, पडून राहा" असं सांगत. आता व्यायाम करायला सांगतात, कारण बेताच्या व्यायामाने थकवा कमी होतो. मी सकाळी संभाजी बागेत वीस मिनिटं चालते, काठी घेऊन. आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपिस्टने शिकवलेले पायांच्या ताकदीचे व्यायाम करते. दमल्यावर नाही, दमायच्या आधी बसते. हे शिकायला मला दोन वर्षं लागली.

"बरी तर दिसतेस की," असं लोक म्हणतात. दिसत नाही तोच तर हा थकवा. घरच्यांनो, एवढं मानून चाला. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात एमएसचं नाव आहे, तेव्हा प्रमाणपत्र मागायला संकोच करू नका.

आणि तुमच्यापैकी कुणाचा एक डोळा दुखून रंग फिके दिसत असतील, किंवा पाय दोन-चार दिवस बधिर राहिला असेल, तर जागरणावर ढकलू नका. शाकाहारी घरांत बी-१२ कमी पडूनही बधिरपणा येतो, म्हणून तीही तपासणी करा. पण डॉक्टरांना दाखवा, याच आठवड्यात.

नमस्कार.