खानापूर रोड, ट्राम आणि भिंतीवरची लाल खूण

श्रोतेहो, नमस्कार.

आमचे थोरले काका परळच्या एका गिरणीत होते. मे महिन्यात इथं बेळगावात, शहापूरला आले की रात्री जेवणं झाल्यावर कट्ट्यावर बसून मुंबईच्या ट्रामच्या गोष्टी सांगायचे. 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम निघाली, तेव्हा ते त्या गर्दीत उभे होते. "घरचं म्हातारं माणूस पोचवायला गेल्यासारखं वाटलं बघ," म्हणायचे. 1874 मध्ये घोडे जुंपून सुरू झालेली आणि 1907 पासून विजेवर पळणारी ती गाडी मोटारींना आडवी येऊ लागली, म्हणून गेली. अमेरिकेतल्या बहुतेक शहरांनीही आपले रूळ तोवर उखडून टाकले होते.

आज काकांची आठवण झाली, कारण त्याच अमेरिकेतली काही शहरं गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पुन्हा रूळ टाकायला लागलीत. त्यात लोकांनी लवकर पोचावं हा हेतू दुय्यम. मुख्य हेतू हा, की पडीक झालेल्या जुन्या रस्त्याच्या कडेनं नवी वस्ती उभी राहावी. उलटंच वाटतंय की नाही? मलाही वाटलं होतं.

पोर्टलंड नावाचं शहर घ्या. तिथं भर शहराला लागून रेल्वेचं जुनं यार्ड होतं, गोदामं होती, आणि डोक्यावरून एक पूल उतरत होता. आपल्या मालधक्क्याच्या आसपासचा भाग डोळ्यांसमोर आणा: ट्रक, धूळ, संध्याकाळी सातनंतर शुकशुकाट. शहरानं तिथल्या जमीनमालकाशी बोलणी केली आणि ती कागदावर उतरवली. सुरुवातीला एकरी कमीत कमी 15 घरं बांधायची. शहरानं तो पूल पाडून दिला की 87. ट्राम आणली की 109. पहिली बाग करून दिली की 131. म्हणजे शहर एक पाऊल टाकणार, मग मालकानंही एक टाकायचं. 20 जुलै 2001 ला ट्राम धावली. लांबी जेमतेम चार किलोमीटर, आपल्याकडं कॅम्पातून उद्यमबागेकडं जावं एवढीच.

मग बस का नाही, रूळच का? बसचा मार्ग उद्या बदलता येतो. थांब्याचा खांब एका रात्रीत कसा पुढं सरकतो ते आपण पाहिलंय. रस्त्यात पुरलेला लोखंडी रूळ हलत नाही, म्हणून पैसे घालणाऱ्याला भरवसा येतो. एवढ्या खर्चिक भरवशाची खरंच गरज असते का, यावर तिकडंही वाद आहेत. मला त्या रुळांपेक्षा तो कागदच जास्त मोलाचा वाटतो. त्यातच साध्या कमाईच्या माणसांना परवडतील अशा घरांचाही वाटा लिहिलेला होता, 35 टक्के. तेवढी घरं झाली नाहीत. पण कलम होतं, त्याच्या जोरावर शहरानं तिथं जमीन विकत घेतली आणि परवडणारी घरं उभी राहिली.

उलटा दाखला वॉशिंग्टनचा. तिथला एच स्ट्रीट 1968 च्या दंगलीत जळाला आणि कित्येक वर्षं तसाच ओसाड राहिला. तिथं ट्राम 27 फेब्रुवारी 2016 ला सुरू झाली. रूळ मात्र मोटारी उभ्या राहतात त्याला चिकटून. एखाद्यानं गाडी वीतभर बाहेर लावली की ट्राम जाग्यावर उभी! बस वळसा घालून निघून जाते, ट्राम जाणार कुठं? शेवटी 2025 मध्ये तिथल्या महापौरांनी ट्रामऐवजी बस चालवण्याचा बेत जाहीर केला. गणपत गल्लीत दुपारी बाराला दुचाकी कशा लागतात ते ज्याला ठाऊक आहे, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणि आपल्याकडच्या अडचणी वेगळ्याच. शिवजयंतीच्या चित्ररथांच्या मिरवणुकीत विजेच्या तारा काठीनं वर उचलून धरणारी पोरं तुम्ही बघितली असतील. ट्रामच्या तारेला कोण काठी लावणार? शिवाय रुळाच्या खोबणीत सायकलचं चाक अडकतं, हा जगभरचा अनुभव. किर्लोस्करांनी 1888 मध्ये ज्या गावात सायकलचं दुकान काढलं, त्या गावाला हे कसं चालेल, असं मी आपलं गमतीनं म्हणतो.

पण किर्लोस्करांचं नाव निघालंच आहे, तर गंमत सोडून एक सांगतो. लक्ष्मणराव बेळगावातच राहिले असते. शहराची नवी वसाहत आखली गेली आणि त्यांना कारखान्याची जागा सोडावी लागली. औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ माळरान दिलं, आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावला वसाहत मिळाली, कारखाना गेला. रस्ता नवा करताना त्याच्या कडेला आज कोण काय करतंय, हे आधी मोजायला हवं, हे मला या गोष्टीमुळं पटलं.

आता खानापूर रोडकडं बघा. गोगटे सर्कलचा उड्डाणपूल नव्यानं झाला, तिसऱ्या रेल्वे गेटचाही झाला. जानेवारी 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत बेळगावचं नाव आलं, त्यातून रस्ते, फुटपाथ, दिवे झाले. चांगलंच झालं. सार्वजनिक पैशातून पूल होतो, आजूबाजूच्या जमिनीचा भाव वाढतो, तिथं इमारती उठतात आणि तळमजल्याला शोरूम येतं. या वाढलेल्या भावातून उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम करणाऱ्या माणसासाठी चार खोल्या मागून घ्याव्यात, असा करार होताना मी तरी ऐकला नाही.

ट्राम मला बेळगावला नकोच आहे. जून 2023 पासून बायकांना बसप्रवास मोफत झाला. तेव्हापासून सकाळी सीबीटीवर, म्हणजे शहर बसस्थानकावर, पाय ठेवायला जागा नसते. आधी बसगाड्या वाढू देत, वेळेवर येऊ देत. हुबळी-धारवाडची चिगरी बस रस्त्यात तिच्यासाठीच राखलेल्या वाटेनं धावते म्हणून वेळेत पोचते. बाजूच्या रस्त्यावरची माणसं मात्र तिच्यामुळं होणाऱ्या कोंडीनं वैतागलीत, हेही तिकडं गेलं की ऐकायला मिळतं. वेगळी वाट द्यायला आधी रस्त्याची रुंदी लागते. आणि रुंदी म्हटली की आपल्याकडं एकच अर्थ निघतो: भिंतीवर लाल खूण.

आमच्या मामांच्या दुकानाच्या भिंतीवर ती आहे. दुकान भाड्याचं. तीन पिढ्या तिथंच काढल्या, पण कागदावर मालक दुसरे. रुंदीकरण झालं तर भरपाई मालकाला. मामांना काय, हे मोजणी करणाऱ्या पोरानं सांगितलं नाही. त्याला तरी कुठून ठाऊक असणार! पुढं ते काम रखडलं. किती वर्षं झाली, मामाही आता मोजत नाहीत.

खूण मात्र तशीच आहे. दर दिवाळीला मामा भिंतीला चुना काढतात आणि तेवढी टीचभर जागा सोडून देतात. मी एकदा विचारलं, "मामा, पुसून का टाकत नाही हो?"

म्हणाले, "पुसली तर परत मोजायला येतील की."

नमस्कार.