आईसोबत आलेले ‘एकटे’ मूल

काँगोमधून जीव वाचवून निघालेली एक आई १ नोव्हेंबर २०१७ रोजी आपल्या लहान मुलीसह मेक्सिको-अमेरिका सीमेवरील सॅन यसिड्रो नाक्यावर पोहोचली आणि तिने तेथील अधिकाऱ्यांकडे आश्रय मागितला. न्यायालयाच्या कागदपत्रांत तिचा उल्लेख ‘मिस एल’ एवढाच आहे. आपणही तेवढाच करू. ती कुंपण ओलांडून आली नव्हती, रीतसर नाक्यावर आली होती, हे आधीच सांगितले पाहिजे, कारण पुढे जे घडले त्याला गुन्ह्याची शिक्षा म्हणण्याचीही सोय नाही. काही दिवसांनी मुलीला शेजारच्या खोलीत नेण्यात आले आणि आईपासून तोडू नका, असा तिचा आक्रोश आईला भिंतीपलीकडून ऐकू आला. आई सॅन दिएगोजवळच्या स्थानबद्धता केंद्रात राहिली आणि मुलगी तीन हजार किलोमीटरहून दूर, शिकागोत. ही खरोखर तिचीच मुलगी आहे का, अशी शंका सरकारने नंतर न्यायालयात काढली. वास्तविक डीएनए चाचणी पहिल्याच आठवड्यात करता आली असती. ती झाली आईच्या वतीने सरकारविरुद्ध दावा दाखल झाल्यानंतर, २०१८च्या मार्चमध्ये, आणि नाते सिद्ध झाले.

एप्रिल २०१८मध्ये अमेरिकेचे ॲटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याचे प्रमुख, जेफ सेशन्स यांनी बेकायदा सीमा ओलांडणाऱ्या प्रत्येकावर खटला भरण्याचे धोरण जाहीर केले, तेव्हा हीच ताटातूट सरसकट होऊ लागली. आईवर खटला भरला की ती कोठडीत जाणार, मूल कोठडीत ठेवता येत नाही, म्हणून त्याची नोंद ‘सोबत कोणी नसलेले’ अशी होऊन ते आरोग्य खात्याच्या निवाऱ्याकडे सोपवले जाई. मला सर्वांत क्रूर वाटतो तो हा शब्दप्रयोग. आईचा हात धरून आलेले मूल कागदावर एकटे झाले आणि ते कोणाचे, याची नोंद दोन खात्यांमध्ये जुळेल अशी व्यवस्थाच कोणी केली नाही.

मिस एलच्याच दाव्यात २६ जून २०१८ रोजी न्यायाधीश डेना सॅब्रॉ यांनी पाच वर्षांखालील मुले १४ दिवसांत आणि बाकीची ३० दिवसांत आईवडिलांकडे परत देण्याचा आदेश दिला. स्थानबद्धांच्या सामानाची जितक्या काटेकोरपणे नोंद ठेवली जाते, तितकी त्यांच्या मुलांची ठेवली जात नाही, हे त्यांनी त्या आदेशात स्पष्ट लिहिले आहे. पुढे मोजदाद झाली तेव्हा २०१७पासून ताटातूट झालेल्या मुलांची संख्या पाच हजारांहून अधिक भरली.

आदेशाप्रमाणे मुले परत मिळू लागली, तेव्हा काही तान्ही बाळे आईला ओळखेनात. तिच्या कडेवरून ती सांभाळणाऱ्या बाईकडे झेपावत होती. शेकडो आईबापांना तर मुलांवाचूनच मायदेशी पाठवून दिले गेले होते. त्यांचे धड पत्तेही सरकारदरबारी नव्हते, म्हणून ग्वाटेमाला आणि होंडुरासमधील वकील व कार्यकर्ते, हाती असेल तेवढ्या माहितीवर, डोंगरातल्या वाड्यावस्त्यांमधून त्यांना शोधत फिरत राहिले.