आधी काटा, मग ग्राइंडर

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय : जुनी बुलेट घरच्या घरी उभी करून हलकी कशी करायची. जुनी म्हणजे कोणती, तेवढं आधी ठरवून घेऊ. कास्ट आयर्न ब्लॉकची, म्हणजे ओतीव लोखंडी सिलिंडरची ३५०. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७० मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९०, भरतात ३४६ सीसी. १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया सुरू झाली, इंग्लंडातल्या रेडिचहून आलेले सुटे भाग जोडता जोडता पुढे तिरुवोट्टियूरला सगळी गाडीच बनू लागली. त्या घराण्यातली ही गाडी. गिअर उजव्या पायात, मागचा ब्रेक डाव्या पायात, चार गिअर आणि न्यूट्रल शोधून देणारी ती वेगळी छोटी दांडी. इथे बसलेल्यांना यापेक्षा जास्त ओळख करून द्यायला नको.

आता हात वर करा. आपली गाडी काट्यावर चढवून तिचं वजन कुणी केलंय? दोन हात. आणि मडगार्ड, साडीगार्ड, टूल बॉक्स काढून कुणी ठेवलेत? बघा, निम्मी खोली. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की हा क्रम उलटा आहे. काय किती जड आहे हे ठाऊक नसताना आपण डोळ्यांना जड दिसेल ते कापतो. डोळा फसवतो. मोठं दिसणारं मडगार्ड पत्र्याचं असतं, आणि न दिसणारा लोखंडी कंस भरीव असतो.

वजन करायला वे-ब्रिजवर जाऊ नका. तो पाच-दहा किलोच्या पटीत आकडा देतो, आपल्याला अर्धा किलो शोधायचाय. घरात वापरतात तसे दोन वजनकाटे घ्या. एकावर पुढचं चाक, दुसऱ्यावर मागचं. दोन्ही काटे सारख्याच उंचीचे हवेत आणि सपाट फरशीवर हवेत, नाहीतर वजन एका बाजूला सरकतं. एकाने गाडी फक्त तोल राखण्यापुरती दोन बोटांनी धरायची, रेटायची नाही. दोन्ही आकडे वहीत वेगवेगळे लिहा, मग बेरीज करा. तीनदा मोजा, किलोभर फरक आला तर फरशी तपासा. पुढचं-मागचं वेगळं का लिहायचं, ते शेवटी स्प्रिंगांशी आल्यावर कळेल. टाकीत किती पेट्रोल होतं तेही लिहा. साडेचौदा लिटरची टाकी काठोकाठ भरली की नुसतं पेट्रोल सुमारे पावणेअकरा किलो होतं. पाच हजारांचं सामान बदलून जेवढं वजन उतरतं, तेवढं कधी कधी अर्ध्या टाकीतच असतं.

सुट्या भागांसाठी प्रवासाची बॅग मोजायचा, हाताने लटकवायचा डिजिटल काटा पुरतो. निघालेला प्रत्येक भाग त्याला अडकवायचा, चिठ्ठीवर वजन लिहायचं आणि ती चिठ्ठी तारेने त्याच भागाला बांधायची.

आता भाग काढायचे म्हणजे बोल्ट खोलायचे. इथे मला थोडं थांबायचंय, कारण जुन्या बुलेटचं खरं नुकसान गंजाने होत नाही, चुकीच्या पान्याने आणि चुकीच्या बोल्टने होतं. हे बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

ही गाडी इंग्रजी आट्यांत जन्मली. चेसिसवर, इंजिनावर बऱ्याच ठिकाणी सायकलचे आटे आहेत, इंचाला २६. पुढे काळाप्रमाणे काही बोल्ट मेट्रिक झाले, आणि मधल्या काळातल्या गाड्यांत दोन्ही सापडतात. म्हणजे एकाच इंजिनावर शेजारी शेजारी दोन भाषा. आता पाच-षोडशांश इंचाचा बोल्ट घ्या. त्याचा व्यास ७.९४ मिलिमीटर. मेट्रिक एम-८ चा ८. हाताला दोन्ही सारखेच लागतात. पण इंचाला २६ आटे म्हणजे दोन आट्यांत ०.९८ मिलिमीटर अंतर, आणि साध्या एम-८ ला १.२५. कुठेतरी बोल्ट हरवतो, डब्यातून एम-८ निघतो, पहिले दोन फेरे हाताने जातात, मग तो अडतो. कारागीर म्हणतो, ‘रंग बसलाय आत,’ आणि पाना लावून ओढतो. रंग नसतो तो. ते क्रँककेसच्या ॲल्युमिनियमचे आटे असतात, आणि ते कापले जात असतात. बोल्ट घट्टही बसतो. पंधरा दिवस बसतो. मग इंजिनाच्या थरथरीने ढिला होतो, तेल झिरपू लागतं, कुणीतरी आणखी आवळतं आणि आटे धान्याच्या कण्यांसारखे बाहेर येतात.

याला उपाय शंभर-दोनशे रुपयांचा आहे : आटे मोजायची पात्यांची जुडी, म्हणजे थ्रेड गेज. प्रत्येक बोल्ट काढला की तिने तपासा, आणि तो ज्या भोकातून निघाला त्याच भोकात अर्धा फिरवून ठेवा. क्रँककेसचे बोल्ट असतील तर पुठ्ठ्यावर इंजिनाचं चित्र काढून त्या त्या जागी खोचून ठेवा. आटे गेलेच असतील तर एम-८ ला हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी बसते, तिच्यासाठी भोक ८.३ मिलिमीटरचं पाडायचं. इंग्रजी आट्याला हेलिकॉइल मिळालं नाही तर लेथवर बुश, म्हणजे आत आटे असलेली धातूची नळी, टर्न करून घ्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरात असलं काम लीलया करणारे हात आहेत. आवळायचा जोर ॲल्युमिनियममध्ये एम-८ ला वीसच्या आसपास न्यूटन-मीटर, एम-६ ला आठ-दहा. त्यापुढे मनगटाचा जोर नको, हा जोर मोजणारा टॉर्क पाना हवा.

पान्याचंही तेच. इंग्रजी व्हिटवर्थ मापाच्या पाव इंची पान्याचं (पाव इंच हे बोल्टचं माप) तोंड ०.५२५ इंच, म्हणजे १३.३ मिलिमीटर. आपल्याकडचा १३ चा पाना बसत नाही, म्हणून १४ चा लावतात. जवळजवळ पाऊण मिलिमीटरची ढिलाई! नटाच्या कडा पहिल्याच झटक्यात गोल होतात, मग छन्नी येते, मग हातोडी. पुण्याच्या नाना पेठेत जुन्या हत्यारांत व्हिटवर्थचे रिंग पाने मिळून जातात. गाडीला रंग द्यायच्या आधी हे पाने घ्या.

आणि टायमिंग बाजूला, क्रँकच्या टोकावर तेलाचा पंप फिरवणारा जो वर्म (पेचासारखा गिअर) आहे, त्याचे आटे डावे आहेत. उलटे. सवयीने डावीकडे फिरवाल तर आवळत जाल आणि टोकच तोडाल. टायमिंग कव्हर काढायच्या आधी त्यावर मार्करने बाण काढून ठेवा.

गंजलेल्या बोल्टसाठी घाई नको. भेदक तेल लावा, रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी डोक्यावर हातोडीने हलके ठोके द्या, पुन्हा तेल, पुन्हा रात्र. ॲल्युमिनियममध्ये अडकलेल्या लोखंडी स्टडला हीट गन चालते, कारण ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त प्रसरतं आणि पकड सुटते. पण आधी पेट्रोलची टाकी काढून दुसऱ्या खोलीत ठेवा.

याच ओघात वाळूच्या फवाऱ्याचंही सांगतो. इंजिनाच्या केसला सँडब्लास्ट करू नका. चकाकी येते, मान्य आहे. पण या इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला रोलर नाही, तर तरंगता बुश (मोकळं फिरणारं कडं) आहे, आणि तो क्रँकमधून दाबाने येणाऱ्या तेलावर जगतो. केसच्या अरुंद तेलवाटेत वाळूचा एक कण राहिला तर तो थेट त्या बुशपाशी पोचतो. रॉकेल, ब्रश, कापड आणि धीर. चेसिसला ब्लास्ट करा, तिथे हरकत नाही, पण आट्यांत रबरी बुच घाला आणि बेअरिंगच्या जागा झाका. पावडर कोटिंगचा थर साठ ते शंभर मायक्रॉन असतो, तेवढ्यानेही बेअरिंग बसत नाही. आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते : कोटिंग वीज वाहू देत नाही. नवी वायरिंग, नवी बॅटरी, आणि गाडी चालू होत नाही. बॅटरीची अर्थिंगची तार जिथे चेसिसला लागते आणि इंजिन जिथे चेसिसला बसतं, त्या दोन्ही जागी पत्रा उघडा करा, घासा, ग्रीस लावा. आणि इंजिन पुन्हा जोडताना पॉइंटचं, म्हणजे ठिणगीची वेळ साधणाऱ्या स्विचच्या टोकांचं, अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवा, फीलर गेजने (फट मोजायच्या पात्यांनी). टॅपेटला, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या पुशरॉडच्या टोकाला, थंड इंजिनात अंतर शून्य : पुशरॉड बोटांनी फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये.

…हो, चिठ्ठी मिळाली. दहा मिनिटं. म्हणजे छापलेला विषय आता पळत पळत.

पहिल्यांदा नंतर लावलेलं काढा. क्रॅशगार्ड, कॅरिअर, दुसरा हॉर्न, भरीव पितळी नावं. हे कारखान्याचं नाही, काढताना काही बिघडत नाही आणि काटा सगळ्यांत जास्त इथेच हलतो.

मग चाकं. सगळ्यात जास्त फायदा इथे आहे आणि कारण साधं आहे. चेसिसवरचा किलो फक्त पुढे ढकलावा लागतो. रिमवरचा किलो पुढेही ढकलावा लागतो आणि फिरवावाही लागतो, म्हणून वेग घेताना तो जवळजवळ दोन किलोंसारखा वागतो. शिवाय चाक स्प्रिंगच्या खाली असल्याने ते हलकं झालं की खड्ड्यावर चाक रस्ता सोडत नाही. १९ इंची, ४० भोकांचा ॲल्युमिनियम रिम घ्या. पण भोकांचा कोन तुमच्या हबप्रमाणे पाडलेला आहे का ते पाहा. कोन चुकला की आरे निपलपाशी (रिमकडच्या नटापाशी) वाकतात आणि तिथेच तुटतात. नव्या रिमची खोली वेगळी असते, म्हणून आऱ्यांची लांबी रिम हातात आल्यावरच मोजून मागवा. फिरताना रिमची डुगडुग एक मिलिमीटरच्या आत आणा, शंभर किलोमीटरनंतर आरे पुन्हा ताणा.

मग पत्रा. हिशेब वहीत होतो : एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाड लोखंडी पत्रा ७.८५ किलो, ॲल्युमिनियम २.७. समजा मडगार्ड उलगडल्यावर ०.२७५ चौरस मीटर भरलं. लोखंड १.२ मिलिमीटरचं असेल तर सुमारे २.६ किलो. ॲल्युमिनियम तेवढंच पातळ घेऊन चालत नाही, २ मिलिमीटर घ्यावं लागतं, तेव्हा दीड किलो. मिळाले एक किलो शंभर ग्रॅम. आणि एका सिलिंडरची थरथर ॲल्युमिनियमला कंसाच्या भोकापाशी तडा देते. दोन्ही बाजूंनी रुंद वॉशर आणि रबर घातलंत तर टिकेल.

बॅटरी. किकच्या गाडीची शिशाची साधारण दोन किलोंची, लिथियमची त्याहून बरीच हलकी. बसवण्याआधी इंजिन तापवून, रेस करून बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. १४.६ च्या वर जात असेल तर आधी रेग्युलेटर बदला.

वजन उतरवायला भोकं पाडायची नाहीत अशा जागा : चेसिस, स्विंग आर्म, फोर्कचे जोड, ॲक्सल आणि ब्रेकची प्लेट. ब्रेक मारल्यावर ड्रमचा सगळा पीळ प्लेट धरून ठेवते. शंभर ग्रॅमसाठी तिला तडा द्यायचा नाही. फ्लायव्हीललाही हात लावू नका, त्याचा समतोल घरी बसत नाही, आणि बुलेटचं ते संथ ठोके देणं त्याच वजनावर आहे.

साडीगार्ड आणि मागच्याने धरायचा हँडल राहू द्या. केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ तेच सांगतो, आणि तो पदर चाकात अडकू नये म्हणून आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीपुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं. गाडी ५० वर्षांच्या पुढची असेल तर २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेत नोंद मिळू शकते, पण त्यासाठी चेसिस, बॉडी, इंजिन मुळापासून बदललेलं चालत नाही. तशी गाडी असेल तर करवत खाली ठेवा.

शेवटी स्प्रिंगा. मागचं वजन कमी झालं की जुन्या स्प्रिंगा कडक वाटू लागतात. म्हणून ते दोन आकडे वेगळे लिहायला सांगितलं. मागचा आकडा जास्त उतरला असेल तर मागच्या शॉकचा ताण एक खाच कमी करा आणि नेहमीच्या रस्त्यावर फिरून बघा.

एका चिठ्ठीत विचारलंय, ब्लॉकच ॲल्युमिनियमचा घातला तर? काही किलो वाचतात, खरं आहे. पण लोखंडी ब्लॉकमध्ये पिस्टन ब्लॉकपेक्षा जास्त फुगतो म्हणून थंड असताना जागा मोकळी ठेवतात; ॲल्युमिनियममध्ये दोघेही फुगतात, ती जागा कमी लागते. जुन्या पिस्टनचं माप तिथे चालत नाही, पिस्टन आणि ब्लॉक जोडीनेच घ्यावे लागतात. आणि घेतलाच तर काढलेल्या ब्लॉकला आतून तेलाचा हात द्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळा, वजनाची चिठ्ठी बांधा आणि कोरड्या फळीवर ठेवा.